बाबांना बटणं दिसावीत म्हणून: जुन्या आर्केड पॅनेलला एलईडी बसवले त्याचा अनुभव

जानेवारीत हातात घेतलेलं काम गुढीपाडव्याच्या दिवशी पूर्ण झालं. घरी एक जुनं आर्केडचं पॅनेल आहे, म्हणजे लहानपणी पार्लरमध्ये नाणं टाकून आपण जे गेम खेळायचो त्यातला दांडी आणि बटणांचा भाग. त्यातले जुने, तापणारे दिवे काढून एलईडी बसवायचे, एवढंच काम. मला वाटलं होतं दोन शनिवार पुरतील, पण अडीच महिने गेले. मी कॉमर्सची, बँकेत नोकरी करते, सोल्डरिंग आयर्न हातात धरायला चाळिशीनंतर शिकले. सुरुवातीला कुणाला विचारावं तेच कळत नव्हतं, म्हणून जसं घडलं तसं सगळं लिहून ठेवतेय, तारखा आणि खर्चासकट.

थोडं मागचं सांगते. नव्वदीच्या दशकात बाबा मला रविवारी मंडईत भाजीला न्यायचे आणि येताना एका छोट्या पार्लरमध्ये थांबायचे. तिथे मुली जवळजवळ नसायच्याच. बाबा भाजीची पिशवी पायात धरून माझ्या शेजारी उभे राहायचे आणि आम्ही दोघं मिळून मुस्तफा खेळायचो. त्या गेमचं खरं नाव कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स, कॅपकॉमचा १९९३ चा गेम, पण त्यात पिवळी टोपीवाला मुस्तफा होता म्हणून सगळे त्याला मुस्तफाच म्हणायचे. २०२२ मध्ये जुन्या बाजारात मला एका बंद पडलेल्या पार्लरचं पॅनेल दिसलं, लाकडी पेटी, दोन दांड्या, सोळा बटणं (प्रत्येक खेळाडूची सहा, शिवाय एक स्टार्ट आणि एक कॉइन), आतल्या वायरी उंदरांनी कुरतडलेल्या. घासाघीस करून ३,५०० रुपयांना घेतलं आणि रिक्षात मांडीवर धरून पुण्यात कोथरूडला घरी आणलं. माझा भाचा डिप्लोमा करतो, त्याने आणि मी मिळून आत रास्पबेरी पाय (म्हणजे एक छोटासा कॉम्प्युटर) बसवला, प्रत्येक खेळाडूला एक असे दोन यूएसबी एन्कोडर लावले (म्हणजे बटण दाबलं की कॉम्प्युटरला कळवणारं छोटं सर्किट), आणि टीव्हीला जोडून टाकलं. दिव्यांना तेव्हा आम्ही हात लावला नाही. पेटत होते ना, मग असू देत म्हटलं.

डिसेंबर २०२४ मध्ये बाबांच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. १२ जानेवारीला, रविवारी दुपारी, ते पहिल्यांदाच परत खेळायला बसले, शेजारी माझी लेक. सोळापैकी पाच दिवे गेलेले, उरलेले असे पिवळट की पेटलेत का विझलेत तेही कळू नये. बाबा दोन मिनिटं बटणांवर हात फिरवत राहिले आणि म्हणाले, "अगं, यातलं मारायचं कुठलं आणि उडीचं कुठलं?" लेक प्रत्येक वेळी त्यांचं बोट धरून बटणावर ठेवत होती. दहा-पंधरा मिनिटांनी ते म्हणाले, "राहू दे, तूच खेळ." आणि उठून गॅलरीत जाऊन बसले. मी पॅनेलवर हात ठेवला तर लाकूड चांगलंच गरम लागत होतं आणि तापलेल्या प्लॅस्टिकचा बारीकसा वास येत होता. मी प्लग काढला तो काढलाच, काम पूर्ण होईपर्यंत त्या दिव्यांना परत करंट दिला नाही.

१८ तारखेला पॅनेल उघडलं. इथे पहिली गोष्ट सांगते, एकही वायर काढायच्या आधी मोबाईलवर सगळ्या बाजूंनी फोटो काढा, नंतर ते फोटो मला निदान पन्नास वेळा बघायला लागले. आत बघितलं तर आधीच्या मालकाने प्रत्येक बटणात गाडीच्या पार्किंग लाइटचा बल्ब टाकलेला. काचेचा, बुडाशी चपटा, ज्याला टी-१० म्हणतात तो, १२ व्होल्ट ५ वॅटचा. आता हिशोब करा, सोळा बटणं गुणिले ५ वॅट म्हणजे ८० वॅट, १२ व्होल्टला साडेसहा अँपिअरच्या वर करंट, आणि हे सगळं बंद लाकडी पेटीत. साध्या बल्बची बहुतेक वीज उष्णतेतच जाते, त्यामुळे पेटी तापणार नाही तर काय होणार. चार बटणांचे दिव्याचे होल्डर तडकले होते, दोन तर वितळून वाकडे झाले होते. मला खरंच धडकी भरली, कारण लेक कितीतरी वेळा तासतासभर एकटी यावर खेळलेली होती.

त्या रात्री भाच्याला फोन केला. तो म्हणाला, "मावशी, नुसते बल्ब बदलायचे असतील तर एका दुपारचं काम आहे, गाडीचे एलईडी त्याच होल्डरमध्ये बसतात." मी म्हटलं, मला नुसते दिवे नकोत, ज्या गेमला जी बटणं लागतात तेवढीच पेटायला हवीत. मुस्तफाला दोनच लागतात, मार आणि उडी, मग बाबांच्या समोर दोनच पेटलेली असू देत, बाकी अंधार. तो थोडा वेळ गप्प झाला आणि म्हणाला, "मग सगळं वायरिंग नव्याने करावं लागेल." मी म्हटलं करू.

२५ जानेवारी, शनिवार. आनंदनगरहून मेट्रो, सिव्हिल कोर्टला बदलून मंडई. पेठेत गाडी नेऊन पार्किंग शोधत फिरण्यापेक्षा हे शंभर पटीने बरं, आणि मंडई स्टेशनवरून तपकीर गल्ली चालत जाता येते. तिथे वायर, लग (वायरीच्या टोकाला लावायची धातूची पकड), स्लीव्ह (लगावर चढवायची प्लॅस्टिकची नळी), १२ व्होल्ट २ अँपिअरचा अ‍ॅडॉप्टर हे सगळं मिळालं. जाताना जुना बल्ब, जुना होल्डर आणि एक पूर्ण बटण पिशवीत टाकून न्या, हे फार उपयोगी पडतं, कारण लगचे पण वेगवेगळे साइझ असतात, माझ्या बटणांना ४.८ मिलिमीटरचे लागत होते आणि दुकानदार सवयीने ६.३ चे काढून देत होता. मी बटण काउंटरवर ठेवल्यावर त्यांनी स्वतःच लावून बघितलं आणि बदलून दिले.

तिथून नाना पेठेत गेले, गाड्यांच्या स्पेअर पार्टच्या दुकानांत. एका काकांना सांगितलं टी-१० एलईडी हवेत, ते म्हणाले, "गाडी कुठली?" मी त्यांना सगळं खरं खरं सांगितलं, गेम, बाबा, डोळ्याचं ऑपरेशन. त्यांनी गिऱ्हाईक बाजूला ठेवून मला तीन प्रकारचे दाखवले. मी प्रत्येकी दोन असे सहा नग घेतले, सरासरी ४० रुपयांना एक, आणि त्या २४० रुपयांनी माझे पुढचे बरेच पैसे वाचवले.

कारण घरी येऊन लावून बघितल्यावर तिन्ही अगदी वेगळे निघाले. पहिल्या प्रकारात चार चिप बाजूला आणि एकच वरती. गाडीच्या दिव्यात मागे चकचकीत वाटी असते म्हणून तिथे ते चालतं, बटणात मात्र उजेड कडेला जातो आणि मधे बटण मरगळलेलं दिसतं. दुसरा प्रकार म्हणजे ज्यांना कॅनबस म्हणतात ते. नवीन गाड्यांमध्ये बल्ब गेला की डॅशबोर्डवर सूचना येते, तशी खोटी सूचना येऊ नये म्हणून या एलईडीत मुद्दाम जास्तीचे रेझिस्टर टाकलेले असतात, जास्त करंट ओढायला. ते दहा मिनिटांत बोटाला चटका देण्याइतके तापले. आपल्याला तापणंच नकोय, तर हे अजिबात घेऊ नका. शिवाय ते उंचीला जास्त होते, बटण पूर्ण दाबलं की वरचं झाकण एलईडीवर टेकायचं. तिसरा प्रकार बुटका, चिप सगळ्या वरच्या तोंडाला, तो चपखल बसला. मल्टिमीटर (करंट वगैरे मोजायचं यंत्र) लावून बघितलं, एकाला ४० मिलिअँपिअर. म्हणजे सोळांना मिळून ०.६४ अँपिअर, साधारण पावणेआठ वॅट. ८० च्या जागी पावणेआठ! मी तो आकडा वहीत लिहून नवऱ्याला दोनदा दाखवला.

रंगांचंही एक सांगायला हवं. मी ठरवलं होतं की प्रत्येक खेळाडूचं पहिलं बटण लाल, दुसरं पिवळं, बाकीची चार पांढरी. माझी समजूत अशी होती की सगळीकडे पांढरा एलईडी घालू, झाकणाचा रंग आपोआप येईल. पण पांढऱ्या एलईडीत मुळात निळ्या उजेडावर पिवळी पावडर असते, लाल भाग त्यात कमी, त्यामुळे लाल झाकण पांढऱ्या एलईडीवर फिकट गुलाबी दिसतं. लाल झाकणात लाल एलईडीच घालायचा. पिवळ्याला वॉर्म व्हाइट छान दिसतो. आणि चिपचा ठिपका डोळ्यात टोचत होता, त्यासाठी झाकणाच्या आत बटर पेपरचा गोल कापून बसवला, स्वयंपाकघरातलाच, ठिपका जाऊन उजेड सगळीकडे सारखा पसरला. दुसऱ्या शनिवारी, १ फेब्रुवारीला, परत नाना पेठेत जाऊन त्या तिसऱ्या प्रकारचे वीस नग घेतले, एकदम घेतल्यामुळे ३५ रुपयांनी दिले, ७०० रुपये. चार जास्तीचे मुद्दाम घेतले, नंतर तोच माल मिळेलच असं नसतं.

तडकलेल्या होल्डरसाठी पुण्यात सात-आठ दुकानं फिरले, तसेच कुठे मिळाले नाहीत. २७ जानेवारीलाच बाहेरच्या देशातून मागवले होते, मायक्रोस्विचसकट (बटणाखालचा छोटा स्विच) दहा नग, पाठवणावळ धरून १,४५० रुपये. आठवड्याभराने ट्रॅकिंगवर दिसलं की पार्सल मुंबईत आलंय आणि कस्टम्ससाठी थांबलंय, त्याच दिवशी केवायसी करा असा मेसेज आला. मी रोज लोकांची केवायसी करून घेते तरी त्या लिंकवर बोट ठेवायला मला भीती वाटली, कारण कस्टम्सच्या नावाने फसवणूक करणारे मेसेज खूप फिरतात आणि बँकेत अशी रडत आलेली माणसं मी बघितली आहेत. तर असं करा, मेसेजमधली लिंक उघडूच नका, कुरिअर कंपनीच्या साइटवर स्वतः जाऊन ट्रॅकिंग नंबर टाका, तिथेही केवायसी बाकी दिसत असेल तरच पुढे जा. माझं खरंच बाकी होतं. आधार, पॅन, ऑर्डरची पावती आणि पैसे भरल्याचा पुरावा असं अपलोड केलं. पहिल्यांदा परत आलं, कारण पावतीवर माझं नाव अर्धं आणि आधारवर पूर्ण. विक्रेत्याला लिहून पूर्ण नावाची पावती मागवली, त्यात चार दिवस गेले. मग ड्युटी, कुरिअरचा हाताळणी आकार आणि त्यावरचा जीएसटी असे मिळून ८९० रुपये भरले. २० फेब्रुवारीला पार्सल दारात आलं. म्हणजे १,४५० ची वस्तू २,३४० ला पडली. बाहेरून काही मागवणार असाल तर हा भाग आधीच हिशोबात धरा, आणि ऑर्डर करतानाच नाव आधारवर आहे तसं टाका.

मधल्या काळात मी वायरिंग समजून घेतलं. हा सगळ्या कामाचा गाभा आहे म्हणून जरा सविस्तर लिहिते.

दिव्याच्या बटणाला दोन वेगळी सर्किट असतात आणि ती एकाच होल्डरवर शेजारी शेजारी राहतात. एक मायक्रोस्विच, बटण दाबलं की जोडणारा, तो एन्कोडरकडे जातो, तिथे ५ व्होल्ट. दुसरं दिव्याचं, तिथे १२ व्होल्ट. या दोघांचा एकमेकांशी संबंध येता कामा नये. जुन्या वायरिंगमध्ये सगळ्या दिव्यांचा प्लसही एकत्र आणि मायनसही एकत्र, म्हणून पेटले तर सगळे पेटायचे. एकेक दिवा वेगळा चालवायचा तर प्लस सगळ्यांना एकच ठेवायचा, एका बटणाहून दुसऱ्याला माळेसारखा, आणि मायनस मात्र प्रत्येकाची स्वतंत्र वायर घेऊन एका आयसीला न्यायची. आयसी म्हणजे यूएलएन २८०३, अठरा पायांची, आत आठ स्विच असतात, आपल्याला सोळा हवेत म्हणून दोन. एक ४० रुपयांना. ती मायनसची बाजू उघडझाप करते, प्लसची नाही, म्हणूनच माळ प्लसची करायची. तिला हुकूम द्यायला अर्डुइनो नॅनो, म्हणजे प्रोग्रॅम चढवता येतो असं एक छोटं सर्किट बोर्ड. नॅनोच्या एका पायाने दिवा थेट चालवायचा विचार करू नका, तेवढा करंट त्याला झेपत नाही आणि १२ व्होल्ट तर मुळीच नाही. नॅनोच्या डी-२ ते डी-१२ अशा अकरा आणि ए-० ते ए-४ अशा पाच पिना वापरल्या, झाल्या सोळा. डी-० आणि डी-१ सोडल्या कारण रास्पबेरीशी बोलणं त्यांच्यावरून होतं, आणि ए-६, ए-७ आउटपुट देतच नाहीत, त्यांच्या नादी लागू नका.

१ आणि २ मार्चला मी आणि भाचा दोघांनी मिळून जुनं सगळं काढलं आणि नवीन ओढलं. लग दाबायला पक्कड वापरू नका, क्रिम्पिंग टूल घ्या, मी ५५० ला घेतलं, पक्कडीने दाबलेला लग दोन वेळा बटण बडवलं की निघून येतो. प्रत्येक वायरला मास्किंग टेपचं लेबल लावलं, "१ लाल", "२ पिवळा" असं. शेवटची तीन बटणं राहिली तेव्हा स्लीव्ह संपले. रात्रीचे साडेनऊ झाले होते, सकाळी बँक, वर मार्च एण्ड सुरू झालेला. मी म्हटलं असू दे, नुसते लग लावून टाकू, तसेही हलत नाहीत. नुसता अ‍ॅडॉप्टर लावून तपासलं. दोन दिवे पेटले नाहीत, ते उपसून उलटे फिरवून बसवल्यावर पेटले, एलईडीला प्लस-मायनस असतो म्हणून, घाबरायचं कारण नाही. सोळाच्या सोळा लागलेले बघून आम्ही दोघं जमिनीवरच बसून राहिलो, इतकं सुंदर दिसत होतं.

मग मधले दोन आठवडे बँकेने खाल्ले. १४ मार्चला, धुळवडीच्या सुट्टीला, पुढचं काम काढलं. नॅनोवर प्रोग्रॅम चढेना, सारखी एरर. भाच्याने सांगितलं की स्वस्त नॅनोंना बऱ्याचदा अर्डुइनोच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रोसेसर निवडताना ओल्ड बूटलोडरवाला पर्याय घ्यावा लागतो. तो निवडला आणि लगेच चढला. मग टेबलावर एकच दिवा लावून बघितला, तर पेटेना. आयसी बदलली, वायर बदलली, काही नाही. तासाभराने कळलं की नॅनोचा ग्राउंड (म्हणजे त्याची मायनसची बाजू) आणि १२ व्होल्टच्या अ‍ॅडॉप्टरचा मायनस एकमेकांना जोडायलाच हवा, नाहीतर आयसीला नॅनोचा हुकूम कळतच नाही. जोडला, पेटला. आनंदाने तसाच सगळा संच पॅनेलला जोडला आणि चालू केला.

बारीकसा टक् असा आवाज आला आणि दुसऱ्या खेळाडूच्या एन्कोडरवरचा दिवा विझला. पाठोपाठ जळका वास.

मी प्लग ओढून काढला. माझे हात थरथरत होते. भाच्याने न बोलता मल्टिमीटर बीपवर ठेवला (दोन ठिकाणं आतून जोडलेली असली की तो वाजतो) आणि एकेक बटण तपासत गेला, तेराव्या बटणावर बीप वाजला. स्लीव्ह न घातलेल्या तीन लगांपैकी एक किंचित वाकून शेजारच्या मायक्रोस्विचच्या पायाला टेकला होता. म्हणजे १२ व्होल्ट थेट ५ व्होल्टच्या एन्कोडरमध्ये. मी म्हटलं, पण २ मार्चला तर सगळं व्यवस्थित पेटलं होतं! तो म्हणाला, "तेव्हा ग्राउंड जोडलेला नव्हता ना मावशी, करंटला परत जायला वाटच नव्हती. आज आपण वाट करून दिली." हे वाक्य मी विसरणार नाही. नुकसान टेकल्याने झालं, पण दिसलं बारा दिवसांनी, ग्राउंड जोडल्यावर. म्हणून कळकळीने सांगते, प्रत्येक लगावर स्लीव्ह घाला, आणि ग्राउंड जोडायच्या आधी मल्टिमीटर बीपवर ठेवून १२ व्होल्टचा प्लस आणि प्रत्येक मायक्रोस्विचचा पाय असं सगळं तपासा. दहा मिनिटांचं काम आहे.

त्या रात्री मला झोप लागली नाही. रास्पबेरी पाय पण गेला असेल तर हे सगळं सोडून द्यायचं असं मनात पक्कं झालं होतं. सकाळी भीत भीत नुसता रास्पबेरी पाय टीव्हीला लावला, तो चालू झाला, पहिल्या खेळाडूचा एन्कोडरही ठीक होता. बाबांनी सकाळी चहा पिताना विचारलं, "काय झालं गं काल?" मी सांगितलं. ते म्हणाले, "किती रुपयांचं गेलं?" मी म्हटलं आठ-नऊशे. "बरं मग, नवीन आण." एवढंच बोलले आणि पेपर उघडला. नवीन एन्कोडर मुंबईहून मागवला, ८५० आणि कुरिअरचे ९०, २० मार्चला आला. तोपर्यंत मी सोळाच्या सोळा लग उपसून नव्याने केले, स्लीव्हसकट.

यावेळी सगळं नीट चाललं. एक गोष्ट लक्षात आली, दिवे टेबलावर थेट अ‍ॅडॉप्टरवर जेवढे लखलखीत होते त्यापेक्षा आता जरा मंद होते. मोजलं तर ४० च्या जागी २७ मिलिअँपिअर. ही आयसी स्वतःत पाऊण-एक व्होल्ट खाते, त्यामुळे दिव्याला १२ पूर्ण मिळत नाहीत. भाचा म्हणाला आयसीच्या जागी मॉस्फेट (दुसऱ्या प्रकारचे इलेक्ट्रॉनिक स्विच) लावू, ते इतकं खात नाहीत. पण बाबांना बसवून दाखवलं तर ते म्हणाले आधीचे डोळ्यावर येत होते, हे बरे आहेत. ऑपरेशननंतर त्यांना झगमगाट सहन होत नाही. तसेच ठेवले. माझं मत असं झालंय की घरच्या पॅनेलला भडक दिवे लावूच नयेत, विशेषतः निळे, रात्री खेळताना पडद्याकडे लक्षच लागत नाही.

आता राहिलं गेमप्रमाणे दिवे लावणं. आमच्याकडे रेट्रोपाय (रास्पबेरीवर जुने गेम चालवणारं सॉफ्टवेअर) आहे, त्यात गेम सुरू होताना आपोआप चालणारी एक फाइल ठेवता येते, रनकमांड-ऑनस्टार्ट नावाची, आणि गेम बंद झाल्यावर चालणारी रनकमांड-ऑनएंड. सुरू होतानाच्या फाइलला गेमच्या फाइलचं नाव मिळतं. आम्ही एक साधी टेक्स्ट फाइल केली, प्रत्येक ओळीत गेमचं नाव आणि पुढे सोळा आकडे, पेटवायचं तिथे १, नाही तिथे ०. गेम सुरू झाला की छोटा पायथन प्रोग्रॅम ती ओळ शोधतो आणि ते सोळा आकडे यूएसबीवरून नॅनोला पाठवतो. गेम यादीत नसेल तर सगळे दिवे लागतात. इथे अडकलो ते असं, पहिले दोन दिवस दिवे कधी लागायचे कधी नाही. कारण प्रोग्रॅमने नॅनोशी बोलायला यूएसबीचा पोर्ट उघडला की नॅनो दर वेळी रीसेट होतो आणि त्याला जागं व्हायला एक-दोन सेकंद लागतात, तोवर पाठवलेलं वाया. पोर्ट उघडल्यावर दोन सेकंद थांबून पाठवायला सांगितलं, तेव्हापासून एकदाही चुकलं नाही.

यादी करायला २३ मार्चचा पूर्ण रविवार लागला आणि तो या अडीच महिन्यांतला सगळ्यात चांगला दिवस होता. बाबा, लेक आणि मी. एकेक गेम लावायचा, कुठलं बटण काय करतं ते दाबून बघायचं, बाबा वहीत लिहिणार, लेक टाइप करणार. स्ट्रीट फायटरच्या दुसऱ्या भागाला सहाही लागतात, तीन ठोशाची आणि तीन लाथेची. गॅलॅगाला एकच. बबल बॉबलला दोन. १९८० च्या पॅकमॅनला तर एकही नाही, नुसती दांडी. असे ४३ गेम झाले. बाबांच्या अक्षरातली ती वही मी जपून ठेवलीय.

खर्चाचं विचाराल तर एलईडी ९४०, होल्डर ड्युटीसकट २,३४०, नॅनो, दोन आयसी, त्यांचे बेस आणि झिरो पीसीबी (हे सगळं ज्यावर सोल्डर केलं ती भोकांची पट्टी) मिळून ५००, वायर-लग-स्लीव्ह ६२०, अ‍ॅडॉप्टर ३००, क्रिम्पिंग टूल ५५०, आणि जळालेल्याच्या जागी एन्कोडर ९४०. एकूण ६,१९० रुपये. होल्डर शाबूत असते आणि मी त्या रात्री स्लीव्ह आणायला थांबले असते तर तीन हजारांच्या आत झालं असतं. नुसते तापणारे बल्ब बदलून एलईडी घालायचे असतील, गेमप्रमाणे वगैरे काही नको असेल, तर सातशे-आठशेत होतं, आणि ज्यांच्याकडे जुने बल्ब असलेलं पॅनेल आहे त्यांनी निदान तेवढं तरी लगेच करा.

३० मार्चला पाडवा. सकाळी गुढी उभारली, दुपारी श्रीखंड-पुरी झाली, आणि सगळे थोडे आडवे झालेले असताना हॉलमधून आवाज आला. जाऊन बघितलं तर बाबा आणि लेक पॅनेलसमोर. तिने पॅकमॅन लावला होता, स्टार्ट आणि कॉइन सोडून सगळी बटणं विझलेली. बाबा म्हणाले, "हे काय, गेले का दिवे?" ती म्हणाली, "नाही हो आजोबा, यात नुसती दांडी असते, तुम्हीच नाही का लिहिलंत." मग तिने मुस्तफा लावला. दोन सेकंद थांबून बाबांच्या समोर एक लाल आणि एक पिवळं बटण उजळलं, तिच्या समोर तशीच दोन. बाबांनी लालवर एक बोट ठेवलं, पिवळ्यावर एक, आणि मला म्हणाले, "पिशवी धर गं जरा," मग स्वतःच हसले आणि खेळायला लागले.